योजन, वीत आणि अनुवादकाची पट्टी

पालि ग्रंथांच्या मराठी अनुवादांत 'योजन' या शब्दापुढे मैलांचा अथवा किलोमीटरचा एकच ठाम आकडा घालून मोकळे होण्याचा प्रघात दिसतो. वाचकाच्या सोयीसाठी केलेले हे रूपांतर मूळ अर्थ कसा बिघडवते, हे तपासणे आम्हास अगत्याचे वाटते.

बाराव्या शतकातील अभिधानप्पदीपिकेचे कोष्टक असे : १२ अंगुलांची विदत्थि, २ विदत्थींचे रतन, ७ रतनांची यट्ठि, २० यट्ठींचे उसभ, ८० उसभांचे गावुत आणि ४ गावुतांचे योजन. विदत्थि म्हणजे आपली वीत, रतन म्हणजे हात. हात दीड फुटाचा धरल्यास ४४,८०० हातांचे योजन पावणेतेरा मैलांचे ठरते. अट्ठकथांनी सांगितलेली उरुवेला ते इसिपतन ही १८ योजने मग २२९ मैल होतात. आजच्या रस्त्याने बोधगया ते सारनाथ अंतर सुमारे १५५ मैल आहे. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८७७ मध्ये सुचविलेले सात-आठ मैलांचे योजन या वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. याचे कारण उघड आहे. योजन म्हणजे बैल एकदा जुंपल्यावर होणारी वाटचाल, आणि कोस म्हणजे मुळात हाक. खराडीहून भीमा-कोरेगावास पायी जाणाऱ्या जुन्या पिढीचा कोसही कोणी दोरी धरून मोजला नव्हता. कोष्टक नंतरचे, चाल आधीची.

येथवरची चूक भूगोलाची. 'सुगत-विदत्थि'च्या बाबतीत मात्र ती धम्मावर येते. विनयात सुगताच्या चीवराचे माप ९ सुगत-विदत्थि लांब व ६ रुंद असे आहे. अट्ठकथाकार ही वीत सामान्य माणसाच्या वितीच्या तिप्पट मानतात. त्या हिशेबाने चीवर वीस फुटांहून लांब आणि साडेतेरा फूट रुंद होते, व बुद्ध अतिमानव ठरतात. परंतु संयुत्तनिकायात महाकस्सप बुद्धांचे चीवर अंगावर घेतात. मज्झिमनिकायात कुंभाराच्या घरी एकत्र उतरलेला पुक्कुसाति शास्त्याला ओळखत नाही. राजा अजातशत्रूला भिक्खुसंघात बसलेले बुद्ध कोणते, हे जीवकाला विचारावे लागते. त्रिगुणित देहाच्या पुरुषाबाबत यांतील एकही प्रसंग संभवत नाही. सुत्तांतील बुद्ध माणसाच्याच उंचीचे आहेत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचनास बुद्धीची व तर्काची कसोटी लावली. मापांनाही तीच लावली पाहिजे. तिप्पट वीत निमूटपणे फुटांत उतरविणारा अनुवादक नकळत अवतारकल्पनेलाच आकड्यांचे बळ देतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : अनुवादात मूळ शब्द कायम ठेवावा. टीपेत एक आकडा न देता मर्यादा द्यावी. माप मूळ पाळीचे की अट्ठकथेचे, हेही स्पष्ट सांगावे. पाचव्या शतकातील टीकाकाराची वीत बुद्धांच्या हाती देण्याचा अधिकार अनुवादकास नाही.