ईमॅक्सच्या डायरीला वार कळतो, अमावस्या कळत नाही

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणारे अनेक संशोधक रोजच्या नोंदींसाठी ऑर्ग-जर्नल हे पॅकेज घेतात. बास्टियन बेख्टोल्ड यांनी सुरू केलेलं हे पॅकेज मीही वापरतो. पुसदच्या आसपासच्या शेतांतली कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची सगळी निरीक्षणं त्यात आहेत. पॅकेज चांगलं आहे. तक्रार आहे ती नोंदीला आपोआप मिळणाऱ्या शीर्षकाबद्दल.

प्रत्येक नोंदीला दोन नावं मिळतात. एक फाइलचं: वर्ष, महिना, दिवस सलग, म्हणजे २०२४०९०२. याबद्दल काही म्हणणं नाही. नावानुसार लावल्या की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. दुसरं नाव फाइलच्या आत, मथळ्याचं. त्यात आधी वार, मग स्वल्पविराम, मग तारीख. पण ही तारीख ठरलेल्या साच्यात येत नाही, संगणकाच्या भाषा-प्रदेश सेटिंगवर, म्हणजे लोकेलवर सोडलेली असते. अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना आधी, ब्रिटिश असेल तर दिवस आधी. घरचा लॅपटॉप एक सांगतो, लॅबचा संगणक दुसरं. एकाच डायरीत ०९/०२ म्हणजे कधी २ सप्टेंबर, कधी ९ फेब्रुवारी! संशोधनाच्या नोंदीत हे चालणार नाही.

इथे वाचवतो तो वार. २ सप्टेंबर २०२४ ला सोमवार होता, ९ फेब्रुवारीला शुक्रवार. मथळ्यात सोमवार दिसला की कोडं सुटलं. म्हणून अनेकजण मथळा सुटसुटीत करायला वार काढून टाकतात तेव्हा मला ते पटत नाही. ‘तारखेवरून वार काढता येतो, मग लिहायचा कशाला?’ अहो, काढता येतो म्हणूनच लिहायचा. दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर चूक झाली हे निदान कळतं. जेधे शकावलीत शिवजन्माच्या नोंदीला शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र असं सगळं आहे. लिहिणाऱ्याला तेव्हा हा पसारा वाटला असेल-नसेल, पण पुढे तारखेचा वाद झाला तेव्हा अभ्यासकांना ताळा करायला हेच अंग उपयोगी पडलं.

आता माझा खरा मुद्दा. आमच्याकडे शेतकऱ्याला विचारा, फवारणी कधी केली? उत्तर येतं, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिशी.’ अमावस्येच्या अंधाऱ्या रात्री बोंडअळीचा पतंग जास्त अंडी घालतो, म्हणून अमावस्येच्या आगेमागे फवारायचं, हे इकडे सगळे सांगतात. हे खरं की नाही, ते तपासायचं तर नोंदीला तिथी हवी. इंग्रजी तारखेने भागत नाही, कारण पोळा २०२३ ला १४ सप्टेंबरला होता (त्या वर्षी श्रावण अधिक आला), २०२४ ला २ सप्टेंबरला, २०२५ ला २२ ऑगस्टला. मृग नक्षत्र सूर्यावर चालतं, ते दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं, त्याची अडचण नाही. चंद्राची आहे. शिवाय पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात, हे कीटकशास्त्रातलं जुनं निरीक्षण. म्हणजे अमावस्येला पतंग खरंच वाढले, की सापळ्याचा दिवा जास्त दिसला? हा फरक करायला चंद्राची कला नोंदीतच दिसली पाहिजे, मागाहून कॅलेंडर उलगडत बसायचं नाही.

गंमत अशी की ईमॅक्सच्या स्वतःच्या कॅलेंडरात मायन आहे, हिब्रू आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचं सुद्धा आहे. तिथी नाही, शकही नाही. हे कॅलेंडर लिहिणारे एडवर्ड राइनगोल्ड यांनी नाकम डर्शोविट्झ यांच्यासोबत लिहिलेल्या कालगणनेच्या पुस्तकात हिंदू पंचांगाचं गणित दिलेलं आहे. एडिटरपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच. चंद्राच्या कला मात्र ईमॅक्स दाखवतो, आणि मथळ्याच्या साच्यात ऑर्ग-जर्नल अक्षरांऐवजी फंक्शनही स्वीकारतं. तेव्हा वर्ष-महिना-दिवस, वार आणि अमावस्येपासून किती दिवस झाले तो आकडा, असा मथळा छोट्या फंक्शनने जमतो. ही तिथी नव्हे, पण पतंगाला तिथीशी काय देणंघेणं, त्याला अंधार कळतो. हा बदल मथळ्यातच करा, फाइलच्या नावात नको. तो साचा मध्येच बदलला तर पॅकेजला जुन्या फाइली ओळखू येत नाहीत.

राहिली रात्र. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, असा निकष आहे. पतंग मोजतो सकाळी, पण ते आदल्या रात्रीचे. एडिटर मध्यरात्रीला दिवस बदलतो आणि सकाळच्या मोजणीला नवी तारीख चिकटवतो. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि रात्री उडणाऱ्या किड्याचा अभ्यास करणाऱ्याला तेच सोयीचं. ऑर्गमध्ये ‘आजचा दिवस किती वाजेपर्यंत लांबवायचा’ अशी एक सेटिंग आहे, ऑर्ग-एक्स्टेंड-टुडे-अन्टिल, आणि जर्नल ती पाळतं. मी तिथे ९ लिहिलंय. नऊच्या आत शेतावरून मोजून नोंद केली की ती काल रात्रीच्या मथळ्याखाली जाते.