गेडिस यांचा इंदूर-अहवाल : एक पुनर्वाचन

सरकारी अहवालास वाङ्मय म्हणावे की नाही, याविषयी आपल्या मंडळींत मतभेद व्हावेत हे स्वाभाविक आहे. उभी हयात अहवाल लिहिण्यात नि वाचण्यात गेल्याने मला स्वतःला या प्रकाराविषयी फारसा आदर उरलेला नाही. तथापि पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबारास सादर केलेला 'टाउन प्लॅनिंग टुवर्ड्स सिटी डेव्हलपमेंट' हा दोन भागांचा अहवाल नुकताच पुन्हा वाचला, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, आपले गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या राज्यात ते आले, तेव्हा इंदूर प्लेग व हिवताप यांनी गांजलेले होते. नकाशा हाती घेऊन ते गल्लोगल्ली पायी हिंडू लागले. लोकांना वाटले, हा म्हातारा साहेब घरे पाडायला, किंबहुना प्लेगच घेऊन आला आहे. लोकांचा हा समज त्यांनी अडाणीपणा म्हणून झटकून टाकला नाही. धोरणाच्या अभ्यासात लोकांची भीती हीदेखील नोंदण्याजोगी वस्तुस्थिती असते, हे त्यांनी ओळखले.

येथे मराठी वाचकाला १८९७चे पुणे आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही प्लेगच होता आणि तेथेही सरकारी धोरण होते. परंतु रँडच्या अमलात शिपाई घराघरांत शिरले, माणसे छावण्यांत नेली गेली, आणि २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. इंदुरात मात्र १९१७च्या दिवाळीत, चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, गेडिस एका दिवसाचे महाराज झाले. ज्या वस्तीतील रस्ते अधिक स्वच्छ, त्या वस्तीतून मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. शेवटी ती जाळण्यात आली. रावणदहन पाहत वाढलेल्या लोकांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

ही तुलना मोहक आहे, परंतु तीवर सर्वस्वी विसंबणे न्यायाचे होणार नाही. पुण्यात ते घडत असताना प्लेग कसा पसरतो हेच निश्चित ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसूचा संबंध सिमाँड यांनी कराचीत दाखविला तो १८९८ साली. म्हणून रँडने माणसे हुडकली आणि गेडिस यांना उंदीर जाळता आला. शिवाय पुण्यात परके सरकार होते, इंदुरात घरचा राजा. गेडिस यांचे मोठेपण मी यामुळे नाकारत नाही. त्यांचे यश कोणत्या जमिनीत रुजले, एवढेच पाहू इच्छितो.

अहवालाचे खरे सामर्थ्य त्याच्या क्रमात आहे. आधी निरीक्षण, मग निदान, आणि शेवटी उपाय. जुना मोहल्ला सरसकट पाडण्याऐवजी मोडकी घरे तेवढी काढून मोकळी जागा करावी; सांडपाणी महागड्या नळांतून दूर वाहून नेण्याऐवजी बागांना द्यावे; नदीकाठ स्वच्छ करावा. हे सर्व वाचताना मला माझाच एक प्रसंग आठवत राहिला. १९८०च्या दशकात प्रत्येक गावी ठरावीक संख्येने शोषखड्डे खणावेत असे परिपत्रक आमच्याकडे आले. माळव्याच्या काळ्या मातीत भर पावसाळ्यात पाणी मुरत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. खड्डे डासांची डबकी झाले. 'उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के' या वाक्याखाली सही माझी आहे.

अहवालाचे वैगुण्यही याच ठिकाणी दिसते. लोकांकडे इतक्या ममतेने पाहणारा हा ग्रंथ बोलतो मात्र दरबाराशी. नागरिक त्यात राहतात, सण साजरे करतात, झाडलोट करतात. निर्णय घेताना ते फारसे दिसत नाहीत. राजाची मर्जी हीच गेडिस यांची अंमलबजावणीची यंत्रणा होती. (आमचा मानपुर परगणा तेव्हा थेट इंग्रजी अमलाखाली होता, म्हणून ती मर्जी येथवर पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता!) २०१७पासून इंदूर स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले आले, तेव्हा अनेकांना गेडिस आठवले. मला आठवले ते नदीवरील विवेचन, कारण खान नदीच्या काठी उभे राहिल्यास नाकाला आजही रुमाल लावावा लागतो.

गेडिस १९२४ साली हिंदुस्थान सोडून फ्रान्सला गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२६ साली, तुकोजीरावांना गादी सोडावी लागली.