पांढऱ्या मांजरीच्या नाकावरचा लाल उजेड

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, पाथर्डी-कर्जत-जामखेडकडे, ऊन बहुतेक वर्षभर कडक. तिथे पत्र्यावर पसरलेल्या पांढऱ्या मांजरीच्या नाकाच्या शेंड्यावर केस विरळ आणि कातडीला रंग जवळजवळ नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आधी लाली येते, मग बरी न होणारी खपली, आणि कधीकधी तिथेच कर्करोग मूळ धरतो. घरच्यांना वाटते, बोक्याने ओरबाडले असेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी दिलेला हा रोग लाल उजेडाने घालवणारी फोटोडायनॅमिक थेरपी मला बांधेसूद बंदिशीसारखी वाटते. जितकी उलगडत जाईल तितकी ती अधिक आवडते.

सुरुवात साधी. नाकावर अमायनोलेव्हुलिनिक आम्लाचे मलम लावायचे आणि काही तास थांबायचे. हे आम्ल विष नाही, रंगही नाही. शरीर त्याच्यापासूनच रक्तातले हीम घडवते. पेशी पायरीपायरीने त्याचे प्रोटोपॉर्फिरिन करते, त्यात लोह बसले की हीम तयार. कर्कपेशींत ही शेवटची पायरी बहुधा रेंगाळते आणि लोहाविना राहिलेले प्रोटोपॉर्फिरिन साचत जाते. निळ्या उजेडात ते गुलाबी-लाल चमकते. रोगाने स्वतःच्याच हाताने स्वतःवर खूण करून ठेवलेली असते. या उपचारातली माझी सर्वांत आवडती जागा हीच.

मग साधारण 635 नॅनोमीटरचा लाल उजेड. खरे तर प्रोटोपॉर्फिरिन निळा उजेड कितीतरी जास्त शोषते, पण निळ्याला रक्त वाटेतच अडवते. लाल खोलवर पोचतो, म्हणून निवड लालची. हा संयम फार देखणा आहे. उजेडाची ऊर्जा द्रव्यामार्फत प्राणवायूला मिळते, तो आक्रमक होतो, आणि पेशीच्या रुंदीइतकेही अंतर न कापता जन्मल्या जागीच खर्ची पडतो.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांनी 1900 साली दाखवले होते, की अ‍ॅक्रिडिनचा रंग पॅरामेशियम या एकपेशीय जिवाला उजेडातच मारतो. पुढे 1981 मध्ये थॉमस डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी घरच्या कुत्र्या-मांजरांच्या गाठींत प्रकाशतंतूने लाल उजेड पोचवल्याचे प्रसिद्ध केले. त्या गाठी प्रयोगशाळेत उगवलेल्या नव्हत्या, आपल्या आपण झालेल्या होत्या, म्हणून मला त्या कामाचे मोल अधिक वाटते. तेव्हाचे औषध शिरेतून जाई, आणि मग कित्येक दिवस जनावराला उन्हापासून जपावे लागे. नगरच्या वैशाखात ते किती कठीण! मलमाने हा जाच पुष्कळ कमी केला.

उजेड जातो तो काही मिलिमीटरच. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तो आत खोल असतो, तिथे याचा पाड लागत नाही. नाकावरही यश कायमचे नसते: 2008 च्या एका अभ्यासात 55 मांजरांपैकी 47 जणांचा व्रण पूर्ण गेला, पण त्यातल्या निम्म्यांना तो पुन्हा झाला. तरीही मी या उपचाराच्या बाजूने आहे. हाच रोग कानाच्या टोकावर झाला तर ते कापता येते, मांजर त्यावाचून मजेत जगते. नाकाचे तितके सोपे नाही, आणि व्रण उथळ असतानाच दाखवला तर हा उजेड नाक राखून पुन्हापुन्हा देता येतो, मात्र दर वेळी भूल द्यावी लागते.