सागरदृश्यचित्रण, तैलरंगातील

सागरदृश्यचित्रण, तैलरंगातील : समुद्र, किनारा व त्यांवरील आकाश यांचे प्रत्यक्ष स्थळी उभे राहून तैलरंगांत केलेले चित्रण. चित्रशाळेत कल्पनेने रंगविलेल्या समुद्राहून ते भिन्न होय. राजा रविवर्मा यांच्या वरुणाचे गर्वहरण करणाऱ्या रामाच्या चित्रातील समुद्र या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो कथेच्या गरजेपुरताच खवळतो.

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२४ पासून काही वर्षे ब्रायटनच्या किनाऱ्यावर तैलरंगांत लहान अभ्यासचित्रे केली. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याच्या धातूच्या नळीचे एकस्व घेतले आणि तैलरंग घराबाहेर नेणे सुकर झाले. क्लोद मॉने याच्या त्रूव्हील येथील १८७० च्या एका चित्रात रंगाच्या थरात वाळूचे कण रुतलेले आढळले आहेत. स्थळी काम केल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या (स्थापना १८५७) प्रभावाखाली वाढलेली महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाची परंपरा मुख्यतः जलरंगांत बहरली. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर यांचे जलरंगांवरील प्रभुत्व सर्वमान्य आहे. ओली वाळू, पारदर्शक आकाश, होड्यांची प्रतिबिंबे ही या परंपरेची मिळकत. परंतु तीत समुद्र बहुधा मागे राहिला. होड्या, नारळी व झोपड्या पुढे आल्या आणि पाण्याचे वजन कागदाच्या शुभ्रतेवर सोडून देण्यात आले. पावसाळ्यात तर कागद वाळत नाही आणि एखादी सर सारे काम धुऊन नेते. तैलरंगाला पाण्याचे भय कमी; म्हणून आषाढातील समुद्र हा खरे तर त्याचाच विषय आहे.

कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य चित्रकाराच्या पाठीशी असतो. लाटेचा किनाऱ्याकडील उतार तेव्हा पूर्ण उजळतो, छाया थोड्या पडतात आणि दृश्य सपाट होते. सायंकाळी प्रकाश लाटेच्या पातळ शिखरातून आरपार येतो. ही पारदर्शकता अपारदर्शक रंगाने दाखविणे, हीच या प्रकाराची खरी कसोटी. तेथे पांढरा रंग सढळ हाताने वापरणारा फसतो. रंगाबाबतही परकी सवय आड येते. मुंबईनजीकचे गाळमिश्रित पाणी करडे-तपकिरी दिसते, तर पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाशी ते तांबूस होते. रंगधानीवर आधीच मांडून ठेवलेला निळा त्याला लागू पडत नाही. यूरोपीय चित्रांवरून उचललेले निळे-हिरवे समुद्र अनेक प्रदर्शनीय चित्रांत आढळतात; ते देखणे असतात, पण कोकणातले नसतात.

वेळेचे बंधन कडक असते. मुंबईस उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी सु. ५ मी. पर्यंत चढते-उतरते, सकाळी चितारलेला खडक दुपारी बुडालेला असतो. गोव्याकडे हा फरक बराच कमी असल्याने तेथे किनाऱ्याची रेषा अधिक काळ साथ देते. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात प्रथम छायांचे मोठे भाग घालावेत, जाड रंग व उजेडाचे ठिपके शेवटी द्यावेत, असा प्रघात आहे. मॉनेने १८८६ मध्ये बेल-ईल बेटावर प्रकाश पालटताच फलकही पालटले. ओले फलक घरी नेल्यावर लाटांच्या कडा रेखीव करण्याचा मोह होतो. त्यात वाळूचे कण जातात, तसा वाराही जातो.