दारांवरची चित्रे

घराचे चित्र काढल्याने घर वाचते काय? आपल्याकडे वाडा पाडायचे ठरले, की कोणी चित्रकार समोर ठाण मांडतो, दिंडीदरवाजा, सज्जा, तुळशीवृंदावन जलरंगांत उतरवून घेतो. चित्र कोणाच्या तरी दिवाणखान्यात लागते. वाडा जायचा तो जातोच. म्हणून अमेरिकेतल्या एका घराची हकीकत वाचकांपुढे ठेवाविशी वाटते.

कनेक्टिकट राज्यातल्या ओल्ड लाइम गावी १८१७ साली बांधलेले हे घर. जहाजाच्या कप्तानाची लेक फ्लॉरेन्स ग्रिझवोल्ड तेथे राही. संपत्ती ओसरली, तशी तिने खोल्या भाड्याने देण्यास सुरुवात केली. १८९९ मध्ये हेन्री वॉर्ड रेंजर हा चित्रकार आला, १९०३ मध्ये चाइल्ड हॅसम, आणि बघता बघता घराला चित्रकारांच्या बिऱ्हाडाचे रूप आले.

विलर्ड मेटकाफने १९०६ साली या घराचे ‘मे नाइट’ हे चित्र रंगवले. मी ते छापील प्रतीतच पाहिले आहे, आणि छपाईने चांदण्याचे काय होते ते आपण जाणतोच! तरीही त्यातली निळसर-हिरवी रात्र, उजळलेले खांब आणि हिरवळीवरची फिक्या पोशाखातली स्त्री मनातून हलत नाहीत. भाड्याच्या मोबदल्यात मेटकाफने हे चित्र मिस फ्लॉरेन्सला देऊ केले. तिने ते घेतले नाही. १९०७ मध्ये त्याला वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीचे सुवर्णपदक मिळाले व गॅलरीने ते विकतही घेतले. चित्र उत्तम आहे, यात मला शंका नाही. पण चांदणे फार दयाळू असते. ओढगस्तीतले घर त्यात देवळासारखे दिसते. त्याला कोणाच्या मदतीची गरज असेल, असे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही.

खरी कामगिरी केली ती घरातल्या दारांनी. फ्रान्समधल्या बार्बिझाँच्या खाणावळीत चित्रकारांनी फळ्या-दारे रंगवली होती. तोच कित्ता गिरवून या मंडळींनी मिस फ्लॉरेन्सची दारे आणि जेवणघरातल्या भिंतींच्या फळ्या रंगवल्या. फळी रंगवण्याचे आमंत्रण मिळणे हा मान समजला जाई. शेकोटीवरच्या लांब फळीवर हेन्री पूरने चित्रकारांचीच टर उडवली आहे: मंडळी एका कोल्ह्यामागे धावत सुटली आहेत. प्रदर्शनातला ताठा येथे नावालाही नाही. काही निसर्गचित्रे तर मला सुमारच वाटतात. पण ती तेथली आहेत. दार उखडून नेले, तर चित्र राहील. शेजारचे थट्टेखोर सोबती मात्र राहणार नाहीत. जेवणघर अख्खे राखावे, तरच त्याला अर्थ.

अखेरच्या दिवसांत घराची मालकी मिस फ्लॉरेन्सकडे उरली नाही. १९३७ मध्ये ती वारली. तिच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने १९४१ मध्ये घर विकत घेतले आणि १९४७ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. यात माणसांची धडपड होतीच. पण ती दारे नसती, तर इतक्या लोकांना या घराचा लळा लागला असता असे मला वाटत नाही. मेटकाफचे चांदणे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

आपल्याकडे वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतींवरची चित्रे आहेत. ती पाहायला माणसे अजून वाट वाकडी करून जातात.