‘किती टक्के वाढलं?’ एवढंच विचारू नका : व्हॉर्टेक्स जनरेटरचे दोन पेपर वाचताना

भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर एक गोष्ट कुणाला पुस्तकातून शिकावी लागत नाही : हात थांबला की दूध बुडाला लागतं. कढईला टेकलेला थर तापतो, पण जागचा हलत नाही, म्हणून उष्णता आतपर्यंत नीट पोहोचत नाही. उलथणं तो थर उचलतं आणि त्या जागी दुसरं दूध येतं. आपल्या विषयात भिंतीलगतच्या अशा संथ थराला सीमास्तर म्हणतात.

व्हॉर्टेक्स जनरेटर हेच काम हाताशिवाय करतो. पत्र्यावर प्रवाहाला तिरकी उभी केलेली छोटी त्रिकोणी पट्टी, बस्स. तिच्या दोन बाजूंना दाब वेगळा असतो. त्यामुळे हवा कडेवरून वळसा घेते आणि पुढे पीळ घेत जाणारा भोवरा तयार होतो. तो भिंतीजवळची हवा मधे नेतो, मधली भिंतीकडे आणतो. मात्र हे फुकट होत नाही. भट्टीवर दंड भरून येतात, इथे ब्लोअरवर भार पडतो.

आता पेपर बघू. तोरी, क्वाक आणि निशिनो यांचा २००२ चा पेपर प्रसिद्ध आहे, कारण त्यात उष्णता वाढली आणि दाबातली घट चक्क कमी झाली. नळ्यांच्या मागच्या अंगाला पट्ट्यांची जोडी अशी बसवली की अरुंद वाटेतून हवा वेगाने जाते, नळीला जास्त वेळ धरून राहते आणि मागचा मेलेला प्रवाह आक्रसतो. एकाआड एक नळ्यांच्या रचनेत उष्णता ३० ते १० टक्के वाढली, दाबातली घट ५५ ते ३४ टक्के कमी झाली. रेनॉल्ड्स अंक ३५० ते २१००.

कल्पना सुंदर आहे, वाद नाही. पण आकड्यांचा क्रम बघा. वेग वाढतो तसा फायदा घटतो. शिवाय नळ्या एका रांगेत ठेवल्या की तीच पट्टी उष्णतेत २० ते १० टक्केच देते आणि दाबात फक्त १५ ते ८ टक्के वाचवते. म्हणजे हा गुण एकट्या पट्टीचा नाही, पट्टी आणि नळ्यांच्या मांडणीचा मिळून आहे.

दुसरा पेपर जोअरदार आणि जेकोबी यांचा, २००८ चा. त्यांनी पूर्ण आकाराचा हीट एक्सचेंजर विंड टनेलमध्ये तपासला. पट्ट्यांच्या तीन ओळी लावल्यावर उष्णता संक्रमणाचा गुणांक २९.९ ते ६८.८ टक्के वाढला. इथे दाबातली घट मात्र वाढली : रेनॉल्ड्स अंक ९६० ला २६ टक्के, २२० ला ८७.५ टक्के. लेखकांनी दोन्ही बाजू सारांशातच दिल्यात. घोळ आपण करतो, फक्त ‘६८.८’ उचलून. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही असंच केलं होतं.

साधा हिशेब करा. ब्लोअरची ताकद तेवढीच धरली, तर ढोबळमानाने उष्णतेच्या गुणोत्तराला घर्षणाच्या गुणोत्तराच्या घनमुळाने भागायचं. ९६० ला १.६८८ भागिले १.०८, म्हणजे १.५६. उत्तम. २२० ला १.२९९ भागिले १.२३, म्हणजे जेमतेम १.०५. तीस टक्क्यांचे पाच झाले! त्याच पट्ट्या, तेच यंत्र, फक्त वेग वेगळा.

म्हणून पेपर वाचताना वहीत चार रकाने आखा : कशाच्या तुलनेत वाढ, कोणत्या रेनॉल्ड्स अंकाला (आणि तो कोणत्या लांबीवर काढलाय, तोरींनी वाहिनीच्या उंचीची दुप्पट घेतलीये), दाबाचं काय झालं, आणि समान ताकदीवर काय उरलं. चौथा रकाना भरता येत नसेल, तर तो आकडा प्रस्तावनेत लिहू नका. उद्या तुमचं डिझाइन पाहून कुणी शेतमाल वाळवायचा सोलर ड्रायर बांधला, तर ब्लोअरचं वीजबिल त्यालाच भरायचंय.