‘कळणे’ आणि ‘ऐकणे’ : बेथेल या नावाच्या निमित्ताने

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्यानजीक एक ख्रिस्ती वसाहत स्थापन केली व तिला ‘बेथेल’ हे नाव दिले. जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली होती. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतलेले शेषाद्री मूळचे ब्राह्मण. त्यांच्या मंडळीत आलेले बहुतेक लोक मात्र मांग व महार समाजांतील होते. या वसाहतीचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. तिच्या नावातून उद्भवणारा एक भाषिक प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. नित्याच्या जीवनात देवाची जाणीव होणे व त्या जाणिवेस उत्तर देणे या दोन गोष्टी मराठी ख्रिस्ती मनुष्य कोणत्या शब्दांनी बोलतो, आणि कोणत्या शब्दांनी त्याने बोलावे?

‘बेथेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचे घर. मराठीत त्यास ‘देवघर’ म्हणता येणार नाही. कारण देवघर म्हणजे घरातील राखून ठेवलेली, सोवळ्याओवळ्याने वेढलेली जागा. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील बेथेल याच्या नेमके उलट आहे. भावाच्या भयाने पळणारा याकोब उघड्यावर, दगड उशाशी घेऊन झोपतो. जागा झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की परमेश्वर येथेच होता आणि आपणांस ते ठाऊक नव्हते. ज्यांना गावातील देवळाची पायरी वर्ज्य होती, त्यांच्या वसाहतीस हे नाव मिळावे हे अर्थपूर्ण आहे. उघड्या माळावर भेटणारा देव त्यांना कोणाच्या परवानगीने भेटत नव्हता.

याकोबाचे वाक्य हिब्रूत कर्तरी आहे. मराठीत मात्र दोन रचना संभवतात : ‘मी जाणले नाही’ व ‘मला कळले नाही’. यांपैकी दुसरी आपल्या बोलण्यात अधिक स्वाभाविक होय. दिसणे, सुचणे, आठवणे, उमगणे, चाहूल लागणे या सर्वांत अनुभवणारा चतुर्थीत येतो. तो कर्ता नसून त्याच्याकडे काही येत असते. याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या ग्रंथरचनेत महत्त्वाचा असलेला ‘प्रचीती’ हा शब्दही ‘मला प्रचीती येते’ असाच चालतो. अर्थात व्याकरणावरून धर्मसिद्धान्त काढता येत नाही. तथापि देवाची जाणीव ही मिळविण्याची वस्तू नसून येणारी गोष्ट आहे, हे सांगण्यास मराठीजवळ घरचे साधन आहे, एवढे निश्चित.

परंतु ‘मला कळले नाही’ ही सबबही होऊ शकते. तेथे ‘ऐकणे’ हे क्रियापद उपयोगी पडते. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा तो बहिरा आहे असा तिचा आशय नसतो. हिब्रूतील ‘शामा’ या धातूप्रमाणे मराठी ‘ऐकणे’ यातही श्रवण आणि आज्ञापालन एकत्र नांदतात. ‘ओ देणे’ याचीही तीच गोष्ट : हाक कानी येते, पण ओ आपण द्यावी लागते. ‘मला कळले’ येथून ‘मी ऐकले’ येथपर्यंतचा प्रवास हाच भक्तीचा नित्यक्रम होय.

आपल्या ख्रिस्ती भक्तिपर गद्यात ही साधने पुष्कळदा पडून राहतात. ‘ईश्वरी सान्निध्याची अनुभूती’, ‘पूर्ण समर्पण’, ‘आज्ञापालन’ अशा नामांची तेथे गर्दी असते. धर्मशास्त्रीय विवेचनात अशा संज्ञांना स्थान आहेच. उपदेशात मात्र त्यांचा दोष उघड होतो. नामास कर्ता सांगावा लागत नाही, वेळ सांगावी लागत नाही. कोणास कळले, केव्हा कळले, मग त्याने काय केले, हे तिन्ही प्रश्न टळतात आणि वाचक मान डोलावून मोकळा होतो.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षे त्यांनी आधी पतीपासून दूर, नंतर पतीच्या जवळ पण सोवळे सांभाळून काढली. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना अन्नपाण्याच्या रोजच्या अडचणीतून उमगले, आणि उमगल्यावर त्यांनी आचरण बदलले. निवेदन सर्वत्र क्रियापदांवर चालते. स्वतःची फजितीही त्या लपवीत नाहीत. त्यामुळे अध्यात्माची परिभाषा न वापरताही तेथे जाणीव आणि उत्तर यांतील अंतर वाचकास मोजता येते. मराठी ख्रिस्ती गद्याचा हा नमुना आत्मचरित्र म्हणून गौरविला गेला. भक्तिगद्याचा आदर्श म्हणून त्याचा व्हावा तितका विचार झालेला नाही.

प्रश्न केवळ शैलीचा नाही. याकोबाने जागा झाल्यावर केलेल्या नवसात खावयास भाकर आणि ल्यावयास वस्त्र यांचा उल्लेख आहे. ज्या भाषेत मनुष्य भाकर मागतो त्या भाषेत त्यास देवाची चाहूल सांगता आली नाही, तर ती चाहूल रविवारच्या उपासनेपुरती उरते. शेतात, चुलीपाशी, बाजारात जे कळते ते सांगण्यास शब्द नसले म्हणजे तेथे काही कळत होते हेही हळूहळू विसरले जाते.